सिंकखालचा बकासुर

"आई, हात लावू नकोस त्याला. मी रविवारी अकराला येतो, मग बघू काय करायचं ते. तोपर्यंत सिंककडे फिरकूसुद्धा नकोस. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय की," मी म्हटलं. फोन स्पीकरवर टाकून मी फरशीवर ठेवला होता. माझं डोकं सिंकखालच्या कपाटात होतं आणि हातात मोठा पाना.

"तुझा आवाज असा घुमल्यासारखा का येतोय?"

"वय झालं. घुमणारच."

"चेष्टा नको गं. उगाच काहीतरी खटपट करत बसशील आणि पाठ धरून बसशील."

"बरं," मी म्हटलं आणि पाइपाचा नट आणखी अर्धा आटा सैल केला. आतलं चार दिवसांचं कुजकं पाणी बदकन बादलीत पडलं. वास असा आला की डोळ्यांत पाणीच आलं. मुलाने विचारलं, कसला आवाज झाला? मी म्हटलं, टीव्ही. शुक्रवारी दुपारी मी टीव्ही लावत नाही हे त्याला कुठून ठाऊक असणार!

आमच्या सिंकच्या तोंडाखाली उष्टं-खरकटं दळायचं यंत्र लटकवलेलं होतं. बटण दाबलं की आतली चकती फिरते, टाकाल ते दळून पाण्याबरोबर पाइपातून जातं. ह्यांनी त्याचं नाव बकासुर ठेवलं होतं. साली, देठ, उरलासुरला भात, जे द्याल ते खायचा आणि घरघर करून आणखी मागायचा. एकोणीस वर्षं खाल्लं बिचाऱ्याने. मंगळवारी सकाळी बटण दाबलं तर नुसता हुंकार आला, फिरेना. बुडाशी एक भोक असतं, त्यात षटकोनी किल्ली घालून चकती हाताने फिरवली. फिरली. पुन्हा बटण दाबलं आणि कपाटातून तो वास आला.

तो वास मला कुणी शिकवायला नको. तांब्याच्या तारेवरचं वार्निश जळलं की येतो. मोटार गेली होती.

पंख्यांच्या कारखान्यात वाइंडिंग विभागात मी एकतीस वर्षं काढली. मोटारीच्या आतल्या खोबणींत तांब्याची बारीक तार गुंडाळायची, हेच काम. प्रत्येक खोबणीत ठरलेले वेढे, एक कमी नाही की एक जास्त नाही. यंत्रावर आकडा दिसायचा, पण तो आकडा दर चार दिवसांनी फसायचा, म्हणून आम्ही बायका तोंडातल्या तोंडात मोजायचो. मोजणी चालू असताना कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, हा आमच्या टेबलाचा नियम. एकदा मोठे साहेब स्वतः येऊन उभे राहिले, "बाई, जरा इकडे बघा" म्हणाले. मी बघितलं नाही. दोनशे चाळीस झाले, गाठ मारली, मग बघितलं. साहेब रागाने लालबुंद झाले होते. पण माझ्या हातची मोटार परत आल्याची एक चिठ्ठी त्यांना दाखवता आली नाही, मग काय बोलणार?

अशा हजारो मोटारी हाताखालून गेल्या, पण घरात एखादी मोटार बिघडली तर मला कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. हे पाना घेऊन बसायचे. बकासुर बसवला तेव्हा अख्खा रविवार घालवला त्यांनी. मी दारात उभी राहून सांगितलं, कडी वाकडी बसतेय. म्हणाले, तू चहा टाक. मी चहा टाकला. संध्याकाळी सगळं खोलून त्यांनी कडी सरळ केली आणि मला एका शब्दाने म्हटलं नाही. मीही काही बोलले नाही. म्हणजे त्या दिवशी बोलले नाही. पुढे अधूनमधून ऐकवायची, नाही असं नाही.

हे जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मी या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते, आणि गेल्या सहा महिन्यांपासून मुलाने माझ्याविरुद्ध खटला चालवलाय. दूध दोनदा उतू गेलं. किल्ली बाहेर दाराला लटकत राहिली. न्हाणीघरात पाय घसरला, ढोपराला खरचटलं. प्रत्येक फोनला ही यादी पहिल्यापासून वाचून दाखवतो. मी त्याला विचारलं, तुझ्या घरी दूध उतू जात नाही का? म्हणाला, तो मुद्दा नाहीये आई. त्याच्या घरी मागच्या बाजूला एक खोली आहे. खिडकीतून उभ्या गाड्या दिसतात. ती खोली त्याने माझ्यासाठी रंगवून ठेवलीय. "तिथे तुला काही म्हणजे काही करायला लागणार नाही," असं तो म्हणतो, आणि चेहरा असा करतो, जणू मला लॉटरीच लागलीय. माझ्या डोक्यात तिडीक जाते. काही करायचं नसेल तर मी दिवसभर करू काय? गाड्या मोजू?

मंगळवारी सिंक तुंबल्याचं मीच मूर्खासारखं सांगून बसले. तो लगेच म्हणाला, "बघ, हे घर तुला एकटीला झेपत नाहीये."

"आणि झेपलं तर?"

"काय झेपलं तर?"

"काही नाही," मी म्हटलं. पण तिथेच ठरवलं. बकासुर मी बदलणार. एकटीने. रविवारी अकराच्या आत.

शुक्रवारी जुना उतरवला. स्वयंपाकघराच्या लाइनचा स्विच पाडला, टेस्टर लावून वायरी दोनदा तपासल्या, मग सोडवल्या. शेवटची कडी सुटली आणि ते सहा-सात किलोचं धूड धाडकन उशीवर पडलं. उशी मी आधीच ठेवली होती, तेवढी अक्कल देवाने दिलीय. पण ते बाहेर ओढताना पाठीत अशी चमक भरली की मी तिथेच फरशीवर पाऊण तास आडवी. छताकडे बघत पडले होते आणि मनात म्हणत होते, आता मात्र तो फोन न करो.

शनिवारी सामानाच्या दुकानात गेले. काउंटरमागचा विक्रेता तिशीचा असेल.

"आजी, हे घ्या. बसवायला माणूस सोमवारी पाठवतो."

"सोमवारी उशीर होईल. मीच बसवणार आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे कुणी उभं आहे का ते बघितलं. "घरी मुलगा वगैरे..."

"मुलगा आहे. शहाणा आहे. खोका उघडा."

"खोका उघडायला लावत नाहीत हो कुणी."

"मी लावते."

त्याने उघडला. मी आत बोट घालून चकती फिरवली आणि कान लावला. दोन मॉडेलं नापास केली. एकाचं बेअरिंग खरखरत होतं, दुसऱ्याची चकती अडकून अडकून फिरत होती. तिसरी गुळगुळीत फिरली, सोडल्यावरही दोन वेढे फिरत राहिली. "ही द्या," मी म्हटलं. तोपर्यंत त्या विक्रेत्याचा नूर पालटला होता. आजी म्हणायचं थांबलं. "मावशी, एक सांगू का," म्हणाला, "खालून भक्कम आधार द्या. हातावर तोलून स्क्रू आवळायला जाल तर तोंडावर येईल. आमचा माणूससुद्धा एकटा करत नाही हे." खोका त्याने टॅक्सीपर्यंत आणून दिला. चांगला होता पोरगा.

जिना मात्र माझा मलाच चढायचा होता. खोका पायरीवर ठेवायचा, आपण दोन पायऱ्या चढायच्या, वाकून खोका वर घ्यायचा. एकावन्न पायऱ्या. वर पोचले तेव्हा तोंडाला फेस आला होता आणि मी दार लावून एकटीच हसत बसले. बसवायचं काम मात्र त्या दिवशी जमलं नाही. पाठीने साफ नकार दिला.

संध्याकाळी सूनबाईचा फोन आला. मुलगी वाईट नाही, पण तोंडात तीळ भिजत नाही. "अहो आई, उद्या जरा आवरून ठेवा हं. ते एजंट येणार आहेत ना घर बघायला, तर फोटो वगैरे काढतील."

"कसले एजंट?"

"ह्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"सांगितलं असेल. मीच बहिरी झाले असेन."

फोन ठेवला. माझं घर. माझ्या नावावरचं, माझ्या आणि ह्यांच्या पगारातून उभं राहिलेलं. त्याचे फोटो कोण काढणार ते मला सूनबाईकडून कळतंय! रडू आलं. मग रडण्याचाही राग आला, म्हणून उठून सगळे पाने टेबलावर मांडून ठेवले आणि झोपले.

रविवारी सातला सुरुवात केली. ह्यांची जुनी पँट कमरेला दोरीने बांधून घातली. सिंकच्या भोकाला मळलेली पुट्टी लावून नवी पोलादी कडा बसवली, वरून वजन ठेवलं. वायरी जोडल्या. यंत्राची मान सिंकच्या कड्यात बरोबर खालून टेकवायची आणि मग तीन स्क्रूंनी ती वर खेचून घ्यायची, अशी त्या मॉडेलची पद्धत. आधारासाठी बुटकं स्टूल कपाटात सरकवलं. त्यावर यंत्र ठेवलं, चार बोटं कमी पडलं. टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या मी जपून ठेवल्यात, त्यावरूनही मुलगा मला ऐकवतो. दोन घातल्या. तीन घातल्या. तरी अर्धं बोट कमी. घरभर हिंडले, तेवढ्या जाडीचं काही सापडेना. शेवटी कपाटातून मुलाच्या लग्नाचा अल्बम काढला. चपखल बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो कामाला आला.

आता स्क्रू. तीन स्क्रू पाळीपाळीने आवळायचे, पहिल्याला पाव आटा, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला पाव, पुन्हा पहिल्याला. एकच जोरात आवळला तर मान वाकडी बसते आणि जन्मभर गळते. काडेपेटीतल्या काडीने स्क्रूची लांबी मापून मी हिशेब काढला होता, एकूण बहात्तर पाव आटे. उताणी पडून, डोकं आत घालून, एका हाताने यंत्र धरून दुसऱ्या हाताने आवळत मी मोजायला लागले.

अठरावर फोन वाजला. टेबलावर होता. वाजू दिला. सत्तावीसवर पुन्हा वाजला. पस्तिसावर पुन्हा. अकरा तर अजून वाजले नसणार, कोण मरायला एवढं कासावीस झालंय, असं मनाशी म्हणायचंही मी टाळलं, कारण तेवढ्यानेही आकडा जातो. मग दाराची घंटा. एकदा, दोनदा, मग नुसती कर्कश एकसारखी. मी शेहेचाळीसवर होते. वाजू दे. मग दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला. मुलाकडे एक जादा किल्ली असते.

"आई? आई!"

पावलं धावत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली. त्याला काय दिसलं असेल ते मला नंतर सुचलं. कपाटातून बाहेर आलेले दोन पाय, बापाच्या पँटमधले. एक चप्पल निघून लांब पडलेली. फरशीवर पाणी. आणि पाय अजिबात हलत नाहीयेत, कारण हललं की यंत्र हलतं.

"आई! आई गं! बोल ना!"

त्याने माझा घोटा धरला. इतका घट्ट की दुखला. मी अठ्ठावन्नवर होते. खरं सांगते, बोलावंसं वाटलं. त्याचा आवाज लहानपणी अंधारात घाबरायचा तसा झाला होता. पण एकतीस वर्षांची सवय, ओठ उघडेचनात. मी डावं कोपर यंत्राला टेकवलं आणि पंजा बाहेर काढून नुसता हलवला. थांब.

"साहेब, त्या हात हलवतायत," मागून कुणीतरी अनोळखी आवाजात म्हणालं.

एकोणसाठ. साठ. घोट्यावरची पकड सैल झाली. माझ्या पान्याची किरकिर तेवढी ऐकू येत होती. सत्तर. एकाहत्तर. बहात्तर. मी हात काढून घेतला. अल्बम आणि डिरेक्टऱ्या ओढून काढल्या. यंत्र जागचं हललं नाही.

मग मी सरपटत बाहेर आले. मुलगा फरशीवर, त्या पाण्यातच बसला होता, माझी चप्पल हातात धरून. चेहरा पांढराफटक. दारात टाय लावलेला एक माणूस कागदाची फाइल छातीशी धरून उभा.

"फोन का नाही उचललास?" मुलगा ओरडला.

"मोजत होते."

"मोजत होतीस! मी खालून तीन वेळा फोन केला. घंटा वाजवून वाजवून बोट दुखलं. मला वाटलं..."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चार वर्षांपूर्वी मी भाजी आणायला गेले होते आणि हा सहज म्हणून आला होता. घरात हे एकटे. फोन उचलत नाहीत, हाकेला ओ नाही. न्हाणीघराचं दार यानेच खांद्याने फोडलं. मी पिशवी घेऊन आले तोपर्यंत याने ह्यांना चादर घातली होती. त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. दूध, किल्ली, ढोपर, सगळी यादी त्याने वाचली, पण ही एक गोष्ट त्याने त्या यादीत कधी घेतली नव्हती.

मी त्याच्या शेजारी त्याच पाण्यात बसले.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "एक शब्द बोलायला हवा होता. आकडा गेला असता तर गेला असता."

त्याने नाक पुसलं. "म्हणून सांगतो ना, चल माझ्याकडे."

"नाही."

"अगं आई..."

"तू घाबरतोस ते मला आज कळलं. पूर्वी कळायला हवं होतं. पण तुझी भीती जावी म्हणून मी माझं घर देणार नाही. मी कधीतरी पडणार आहे बाळा. इथे पडेन नाहीतर तुझ्या त्या रंगवलेल्या खोलीत पडेन. तोवर मला माझ्या ओट्याशी उभं राहायचंय." मग मी दारातल्या माणसाकडे वळले. "आणि तुम्ही कोण?"

"मी... ते घर बघायला," तो म्हणाला.

"कुणाचं?"

त्याने मुलाकडे बघितलं. मुलाने चपलेकडे बघितलं.

"आलाच आहात तर थांबा," मी म्हटलं. "साक्षीदार लागेल."

मी उठले. कपाटाला धरून, दोन टप्प्यांत, पण माझी मी. बाकदार पाइप जोडला, त्याच्या जुन्या झिजलेल्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून नट आवळला. स्वयंपाकघराच्या लाइनचा स्विच चढवला, नळ सोडला, बटण दाबलं. बकासुर गुरगुरला. नवा आवाज, भरीव, एका सुरातला. माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच कपाटातून टप, टप, टप.

"गळतंय," एजंट हळूच म्हणाला.

मुलाने खांदे असे पाडले की ते न बोलताच ऐकू आलं. झालं, आता हिला घेऊन जायचं.

मी टॉर्च घेऊन पुन्हा आत शिरले. मान कोरडी होती. तिन्ही स्क्रू कोरडे. पाणी नटापाशी होतं. नट काढला तर टेपेची लक्तरं आट्यांतून लोंबत होती. मी बघतच राहिले आणि मग मला हसू फुटलं, आवरेचना.

"काय झालं?" मुलगा घाबरून म्हणाला. त्याला वाटलं, आता डोकंही गेलं.

"उलटी गुंडाळली! मेली उलटी गुंडाळली मी!"

नट ज्या बाजूने आवळतो त्याच बाजूने टेप गुंडाळायची असते, नाहीतर नट फिरताना ती उलगडत जाते. शाळेतल्या पोरालाही कळेल. पण आमच्या टेबलावर तार गुंडाळायची ती नेहमी उलट्या अंगाने, आपल्याकडे ओढून. हाताला तेवढंच माहीत. टेप हातात आली आणि त्याने मला न विचारता नेहमीचं काम करून टाकलं.

"दे, मी करतो," मुलगा म्हणाला आणि गुडघ्यावर बसला. "तुझे हात थरथरतायत."

"थरथरू देत. तू टॉर्च धर."

"आई, दोन मिनिटांचं काम आहे."

"म्हणूनच म्हणते, टॉर्च धर."

त्याने टॉर्च धरला. जुनी टेप मी नखाने खरवडून काढली, आटे फडक्याने कोरडे केले. सुलट्या बाजूने गुंडाळायला लागले आणि काय सांगू, बोटं ऐकेनात. एक वेढा सुलटा घातला की दुसऱ्याला हात आपोआप मागे वळायचा. दोनदा टेप तुटली. घाम डोळ्यांत गेला. तिसऱ्यांदा मी प्रत्येक वेढ्याला स्वतःलाच बजावत गेले, पुढे, पुढे, पुढे. मुलाचा हात माझ्या कानाशी होता. प्रकाश एवढासाही हलला नाही. त्याच्या बापाने कधी मला टॉर्चसुद्धा धरू दिला नव्हता, आणि हा मुकाट्याने धरून बसला होता.

नट आवळला. नळ सोडला. बटण दाबलं. तिघंही कपाटाकडे कान लावून उभे राहिलो. एजंटने तर वाकून, टाय एका हाताने धरून आत डोकावून बघितलं.

"कोरडं आहे," तो म्हणाला. मग धंद्याची सवय, आपोआप बोलून गेला, "नवीन यंत्र बसवलंय म्हटल्यावर घराला भाव चांगला येईल हं."

मी त्याच्याकडे बघितलं. तो फाइल सावरत दोन पावलं मागे सरला. "म्हणजे मी आपलं एक सहज बोललो, काकू."

"कळलं. चहा घेणार?"

"नको, मी निघतोच."

"मी सोडून येतो यांना खाली," मुलगा म्हणाला.

"जा. आणि जाताना किल्ली ठेवून जा."

तो थांबला. "आई, काही झालं तर? किल्ली असायला हवी माझ्याकडे."

"खालच्या मजल्यावर परिचारिका राहते, तिच्याकडे देऊन ठेवते. काही झालं तर तिला सांग, ती उघडेल. रोज सकाळी आठला मी तुला स्वतः फोन करेन. आलाच नाही तर ये खुशाल, दार फोड. पण कुणाला घर दाखवायला तू या किल्लीने यापुढे यायचं नाहीस."

मला वाटलं, चिडेल. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, नखाने कडी उघडून त्यातली एक किल्ली सोडवली आणि ओट्यावर ठेवली. त्या माणसाला घेऊन जिना उतरला. दार त्याच्यामागे लागलं.

मी सिंकमध्ये काळे झालेले हात धुवायला घेतले. पाणी भराभर वाहून जात होतं. बोटांच्या पेरांत पुट्टी रुतून बसली होती, ती निघता निघेना. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, ती गेली. मुलगाही गेला असेल असं वाटलं. मग जिन्यात त्याची पावलं ऐकू आली. सावकाश, एकेक मजला. वर येऊन ती दारापाशी थांबली.

घंटा वाजली. एकदाच.

माझी पाठ आता पुरती आखडली होती. मी नळ बंद केला, बोटं एक एक करून फडक्याला पुसली, भिंतीला धरून निघाले. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत जायला मला बराच वेळ लागला. तो बाहेर उभा होता. त्याने दुसऱ्यांदा घंटा वाजवली नाही.